फुलचुखीचा खोपा अन् मधातली शेळी

हळद शिजायले लागली की मले फुलचुखी आठवते.

गावाच्या खालच्या अंगाले, नाल्यापाशी कढया लागतात. चुलाण्यात तुरीच्या वाळक्या तुराट्या जळतात, धूर जमिनीवरून सरकत येते अन् त्याच्या मागं हळदीची वाफ. मातीसारखी, कडवट, जराशी गोड. ही वाफ गावावर उतरली की कॅलेंडर पाहावं लागत नाही, फागुन लागला. हरभरा घरात आलेला असते, तुरीचं कुटार भरून झालेलं असते, गहू वाऱ्यानं खुळखुळ वाजत असते. मेडशीच्या रस्त्यानं पळस असा फुललेला असते की एस.टी.तून उतरलेलं माणूस आधी डोळे चोळते, मग पिशवी उचलते.

आज सकाळी तीच वाफ आली. मी परसात विणलेल्या बाजीवर बसून होतो. चहाचा कप हातात, चहा थंड. डोक्यावरून आवाज आला, च्विट, च्विट, च्विट. पाखरू चिमूटभर, पण आवाज असा, जसं सारं परस त्याच्या बापाच्या नावावर आहे.

शहरातले लोक त्याले शिंजीर म्हणतात म्हणे. आमी फुलचुखी म्हणतो. फुलातला रस चोखते म्हणून फुलचुखी, त्यात समजून सांगायसारखं काही नाही. नर सावलीत कोळशावाणी काळा दिसते. उन्हात आला की कधी निळा, कधी जांभळा, लग्नातल्या शालूसारखा. मादी मातकट-पिवळी, साधी. पण घर तीच बांधते. नर फक्त आजूबाजूले ओरडत फिरते. बुढी म्हणजे माही बायको, आमच्या घरचं माणूस, तिले हे सांगितलं तर ती म्हणे, "त्याच्यात नवीन काय सांगून राह्यले तुमी?"

लहानपणी फुलचुखी बोलवावी लागत नव्हती. परसात पांगारा होता. पानं झडून जायची अन् नागव्या काट्याच्या फांदीवर लालभडक फुलं यायची, राघूच्या चोचीसारखी वाकडी. आमची माय त्याच्या खाली भांडे घासे. राखेचा हात, पितळी गंज, अन् वर सारी जत्रा: साळुंक्या, कावळे, राघू अन् त्या गर्दीत ह्या फुलचुख्या. फूल खाली पडलं की मी अन् माहा लहान भाऊ नामदेव पळत जाऊन उचलायचो. देठाकून चोखलं की जिभेवर एक थेंब यायचा. एकच. त्या थेंबासाठी आमी मारामाऱ्या केल्या आहेत. माय राखेच्या हातानं दोघाच्याही पाठीत द्यायची, म्हणून दोघाच्याही सदऱ्यावर पाच बोटं पांढरी उमटलेली असायची.

मग वाटे झाले. घर मधातून अर्धं, परस मधातून अर्धं. पांगारा नेमका रेघेवर. नामदेवाले भिंत बांधायची होती. तो म्हणे झाड त्याच्या बाजूनं आहे, काटे पडतात, पानाले अळ्या पडतात, लेकराच्या अंगावर गळतात. मी म्हटलं झाड माह्या बाजूनं आहे अन् मायच्या हातचं आहे. मी एका लग्नाले गेलो होतो, परत आलो तर झाड आडवं पडलेलं. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही, अन् तोही कमी नाही, तोही बोलला नाही. मधात भिंत उभी राह्यली, माह्या कपाळापर्यंत. झाड माह्याच बाजूनं होतं, हे मी आजही म्हणतो. ज्याले पाहायचं असन त्यानं येऊन बुंधा पाहावा.

झाड गेलं अन् फुलचुख्या गेल्या. फागुन यायचा, हळद शिजायची, पण वरून आवाज यायचा नाही. परस कसं घरातलं माणूस गावाले गेल्यावाणी.

मी जिद्दीचा माणूस. म्हटलं, झाड तोडता येते, पाखरू काही त्याच्या वाट्याले गेलं नाही. मी बोलावतोच.

माही पोरगी शोभा पुण्याले असते. तिनं मोबाइलवर कोण्या परदेशातलं पाखरू दाखवलं होतं. ते हवेत एका जागी उभं राहते, पंख दिसतही नाहीत, अन् लाल बाटलीच्या नळीतून साखरेचं पाणी पिते. मी म्हटलं, पोरी, मले असली बाटली पाहिजे. तिनं पाठवली. लाल, प्लास्टिकची, खाली पिवळी फुलं. पोस्टमन म्हणे, "बाबा, कायचं औषध हाये हे?" म्हटलं, "म्हातारपणाचं."

पहिल्या खेपेले मी त्याच्यात गुळाचं पाणी घातलं. साखर कायले, आपला गूळ काय वाईट आहे? दुसऱ्या दिवशी साऱ्या गावच्या मुंग्या, गांधीलमाश्या अन् दोन मोठे भुंगे बाटलीवर. गुळाचा गाळ नळीत अडकला, आंबला, अन् बाजीवर बसलं की ताडीच्या दुकानात बसल्यासारखा वास. बुढी नाकाले पदर लावून म्हणे, "पाखरं येतीन का नाही माहीत नाही, पण गावातले पेताड नक्की येतीन."

मग साखर. फोनवर शोभा म्हणे, पातळ करा, रोज बदलवा, रंग टाकू नका. मुंग्यासाठी दोराले एरंडीचं तेल लावलं. बुढी साखरेचा डबा लपवून ठेवायले लागली. "पाव्हण्याले फिका चहा देता अन् पाखराले पाक," म्हणे. म्हटलं, पाव्हणा बोलावल्याशिवाय येते, पाखरू बोलावूनही येत नाही, म्हणून त्याचा मान मोठा.

तरी आलं नाही. चारदोन वेळा एक मादी बाटलीभोवती फिरली अन् निघून गेली. मी पाहात राह्यलो, पाहात राह्यलो, मग डोक्यात आलं. ते परदेशी पाखरू हवेत उभं राहून पिते. आपलं पाखरू असं घाईनं उभ्यानं खाणारं नाही. त्याले बसायले लागते. मी एक तुराटी घेतली, बाटलीले आडवी बांधली, नळीच्या जरा खाली. दुसऱ्या दिवशी ती मादी आली, तुराटीवर बसली, इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं अन् वाकडी चोच आत घातली. मी इतक्या जोरात बुढीले हाक मारली की मादी उडून गेली. बुढी आली तेव्हा नुसती बाटली हलत होती. "दिसली," ती म्हणे, "मस्त होती."

बाटलीनं पाखराची ओळख होते, पण घर होत नाही, हे पुढं समजलं. फुलचुखीले नुसता रस चालत नाही, पिल्लायले किडे लागतात, कोळी लागतात, अळ्या लागतात. म्हणजे फुलझाड लागते अन् त्याच्यावर कोणी औषध मारायचं नाही. पाण्याचं आमच्याकडं काय सांगावं? चैतात टँकरची वाट पाहणारं गाव, फुलझाडाले पाणी घातलं तर लोक नावं ठेवतीन. म्हणून मी न्हाणीचं पाणी वळवलं. आंघोळीचं, भांड्याचं, सारं एका नालीतून. तिच्या काठानं कर्दळ लावली, लाल अन् पिवळी. कोपऱ्यात केळ. केळफुलाची एकेक पारी उघडली की फुलचुखी त्याच्यात उलटी लटकून जेवते. एक शेवगा, दोन जास्वंदी. बुढी आधी कुरकुरली, मग स्वतःच आंघोळीले एक तांब्या जास्त घ्यायले लागली. विचारलं तर म्हणे, "मले उकडते."

ज्या साली हे सारं मार्गी लागलं, त्या सालचा फागुन-चैत मी विसरत नाही.

जोडा रोज येत होता. सकाळी ऊन केळीवर आलं की नर शेवग्याच्या शेंड्यावर बसून गाणं म्हणायचा. मादी चोचीत काहीबाही घेऊन जायची. कापसाचा तंतू, वाळकं पान, अन् कोळ्याचं जाळं. जाळं ती कशी गोळा करते हे पाहायसारखं आहे; चोचीभोवती असं गुंडाळते, जशी बुढी हातावर सूत गुंडाळते. मी मनात म्हटलं, घर बांधून राह्यली. माह्या केळीवर बांधन, नाहीतर शेवग्यावर.

ती भिंतीपलीकडं जायची.

मी बकेट पालथी घातली, तिच्यावर चढलो अन् पाह्यलं. नामदेवाच्या परसात कपडे वाळू घालायची तार आहे. त्या तारेच्या टोकाले, खांबापासून हातभर, खोपा लोंबत होता. जेवलं माह्या घरी अन् घर बांधलं त्याच्या घरी. मी खाली उतरलो अन् त्या दिवशी बाटली भरली नाही. दुसऱ्या दिवशी भरली. पाखराचा काय दोष?

रोज सकाळी बकेटीवर चढायचो. आधी नुसता लोंबता चिंधीसारखा गोळा, मग त्याले पोट आलं, मग बाजूले एक दार, अन् दारावर इवलीशी पडवी. आमच्या घरकुलाच्या मिस्त्रीले सांगून सांगून थकलो तरी तो पडवी काढत नाही, अन् हिनं न सांगता काढली. मग एक दिवस दारात फक्त तिची चोच दिसायले लागली. अंड्यावर बसली होती. मग तिची घाई वाढली, माह्या केळीवरून कोळी उचलायचा, भिंतीवरून जायचं, परत यायचं. पिल्लं निघाली होती.

तिकडं पाडवा जवळ आलेला. पाडव्याच्या आधी आमच्याकडं घराघरात जळमटं काढतात. लांब बांबूले झाडू बांधायचा, नाकाले पदर, अन् आढ्यापासून खालपर्यंत सारं झाडायचं. नामदेवाची बायको ह्या कामात फार तेज. तिच्या घरात कोळी पाय ठेवत नाही.

आता इथं एक गोष्ट सांगावी लागते. लहान भावाची बायको म्हणजे भावसून, अन् तिचा मी भासरा. आमच्याकडं भासऱ्यानं भावसुनेशी तोंडानं बोलायचं नाही अन् तिनंही भासऱ्याशी बोलायचं नाही. पदर घ्यायचा अन् बाजूले व्हायचं. आता नवीन पोरी पाळत नाहीत, पण आमच्या घरात ते चालत आलं. लग्न होऊन ती आली तेव्हापासून आमच्यात एक शब्द झाला नव्हता. तेही भांडणाच्या आधीपासून, मान म्हणून. अन् भांडणानंतर नामदेवाशीही नाही. म्हणजे त्या घरात मी ज्याच्याशी बोलू शकतो असं मोठं माणूस कोणीच नव्हतं.

त्या दिवशी मी बकेटीवर उभा होतो. बुढी शेजारी कुरडया करायले गेली होती. नामदेव वावरात, लेकरं बाहेर. भावसून बांबू घेऊन परसात आली. तारेवरचे कपडे काढले, घडी घातली. मग तिची नजर टोकाले गेली. वाळकी पानं, कागदाचे कपटे, अळ्यांची लेंडी, सारं कोळ्याच्या जाळ्यानं चिकटवलेलं. कोणालेही जळमटच वाटन. तिनं तोंडानं च् केलं अन् झाडू वर उचलला.

नामदेव नाही, बुढी नाही, अन् तिच्याशी बोलायची सोय नाही. तारेखाली फक्त त्याची काळी शेळी बांधलेली होती, कडुनिंबाचा पाला खात.

"काळे!" मी ओरडलो.

शेळी दचकली. भावसूनही दचकली.

"काळे, सांग तुह्या मालकिनीले, ते जळमट नाही, खोपा हाये! पिल्लं हायेत त्याच्यात!"

झाडू तसाच वर राह्यला. भावसुनेनं दुसऱ्या हातानं पदर ओढला, माह्याकडं पाठ केली अन् शेळीकडं पाहून म्हणे, "काळे, इचार बरं, दुसऱ्याच्या परसात डोकून पाहायची रीत कोण्या गावची हाये म्हणा."

"काळे, सांग, बकेट माही हाये अन् मी माह्याच जागेवर उभा हाओ. परसात नाही, तारेवर पाहून राह्यलो."

"काळे, सांग, तारही आमचीच हाये."

"असन! पण झाडू खाली घे म्हणा आधी!"

हे शेवटचं मी शेळीचं नाव न घेताच बोललो, पण दोघांनीही ते कानाआड केलं. तेवढ्यात मादी आली. चोचीत अळी. झाडूले भ्यायली नाही, सरळ खोप्यावर लटकली, अन् दारातून दोन पिवळ्या चोची बाहेर आल्या, आ करून.

"अव माय!" भावसून म्हणे. हे काही शेळीले नव्हतं. झाडू खाली आला.

सांजी नामदेव वावरातून आला. त्याच्या घरातून आधी भावसुनेचं बोलणं अन् मग दोघाचं हसणं ऐकू आलं. मी बाजीवर ताठ बसून राह्यलो. मग तो परसात आला, खोकलला अन् म्हणे, "काळे, आता कपडे कुठी वाळू घालायचे म्हणा?"

मी म्हटलं, "काळे, इकडं आमचा दोर रिकामा हाये म्हणा."

जरा वेळ शेळीच्या चावण्याचा आवाज आला. "काळे, आमी कोणाच्या दोरावर कपडे टाकत नसतो म्हणा."

"नका टाकू म्हणा!"

त्यानं पिल्लं उडेपर्यंत घरचे सारे कपडे टिनावर वाळू घातले. टिनाच्या गंजाचे डाग पडले त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर. तोच सदरा घालून तो पाडव्याले मंदिरात आला. मी पाह्यला.

मांजरीसाठी त्यानं खांबाले बाभळीचे काटे बांधले. नर फुलचुखी त्याच्या मोटारसायकलच्या आरशाशी दिवसभर भांडायची. आरशात स्वतःच दिसते अन् त्यालेच टोचते, दुसरा कोणी आला समजून. चोच दुखवून घेते, दमते, पुन्हा येते. नामदेवानं आरशाले जुना मोजा घातला अन् तो मोजा घालूनच गावात फिरला. लोक हसले. मले ऐकू येईल असं शेळीले म्हणे, "काळे, हे पाखरू कोणावर गेलं, माहीत हाये का तुले? आमच्या थोरल्यावर."

"काळे, धाकट्यावर गेलं म्हणा! तो थोरला तर बिचारा बाटल्या भरून राह्यला."

भिंतीच्या त्या बाजूनं भावसून खुदकन हसली. इकडं बुढी हातातलं पीठ तसंच ठेवून तोंडाले पदर लावून बसली होती.

रामनवमीच्या सकाळी पिल्लं उडाली. पोहरादेवीले जाणाऱ्या जीपा, ट्रॅक्टर रस्त्यानं चालले होते, झेंडे, डफडे, बायांची गाणी. त्या गोंगाटात एक पिल्लू भिंतीवर येऊन बसलं, नेमकं मधात. शेपूट नाही, कपाळावर दोन केस उभे. इकून मी पाहून राह्यलो, तिकून नामदेव. भांडणानंतर पहिल्यांदा आमची नजरानजर झाली. त्यानं आधी खाली पाह्यलं, का मी, ते आता सांगता येत नाही. पिल्लू माह्या कर्दळीत पडलं, धडपडलं, अन् शेवग्यावर गेलं.

त्या पावसाळ्यात नामदेवानं भिंतीच्या त्याच्या अंगाले एक जाड फांदी रोवली. पांगाऱ्याची. कुठून आणली देव जाणे. मले सांगितलं नाही. शेळीलेही सांगितलं नाही. मीही काही विचारलं नाही. फक्त भिंतीची खालची एक वीट काढली अन् न्हाणीच्या पाण्याची एक धार तिकडं वळवली. फांदीले पालवी फुटली, मग दरसाल ती भिंतीच्या वर वर येत गेली.

मधातली सालं चांगली गेली. सारं बोलणं शेळीमार्फत. वाशीमचा हळदीचा भाव, शोभाचं बाळंतपण, नामदेवाचा गुडघा, कोणाच्या वावरात डुकरं घुसली, सारं. त्या शेळीनं आमच्या दोन घरचं जेवढं ऐकलं तेवढं कोण्या वकिलानंही ऐकलं नसन. बुढी म्हणायची, "इतकं बोलता, मग सरळ बोला ना!" म्हटलं, बोलतो कुठं? मी तर शेळीशी बोलतो.

ह्या हिवाळ्यात काळी गेली. म्हातारी झाली होती. नामदेवानं तिले शेवटपर्यंत विकली नाही, वावरात पुरली. मले बुढीनं सांगितलं. मी भिंतीपाशी गेलो, पण कोणाले उद्देशून बोलावं ते समजेना. तिकडं नामदेवही खोकलून गेला. नुसता खोकला. मग संक्रांत गेली, शिवरात्र गेली, अन् भिंतीच्या दोन्हीकडं आमी दोघं खोकलत राह्यलो. बुढीनं एकदा अद्रकाचा काढा करून दिला, खरंच खोकला झाला समजून. मीही पिऊन घेतला.

बाटली भरत होतो. पण भरताना कोणाले सांगायचं राहून जात होतं.

आज सकाळी ती हळदीची वाफ आली अन् वरून आवाज आला. मी मान वर केली. आवाज शेवग्यावरून नव्हता. भिंतीच्या वर पांगाऱ्याच्या नागव्या फांद्या आल्या आहेत. मी बकेट पालथी घातली अन् चढलो. वरच्या फांदीले पहिला तुरा. लाल. मायच्या पांगाऱ्याचा होता तोच लाल. अन् त्याच्यावर नर बसलेला, मान वाकडी करून, चोच आत. ऊन त्याच्या पाठीवर निळं पडलं होतं.

मी खोकललो. तिकून खोकला आला. मग बराच वेळ नुसतं पाखरूच बोलत होतं.

"दादा."

कान वाजले समजलो मी.

"दादा, दिसलं का?"

"दिसलं," मी म्हटलं. "आंधळा नाही झालो अजून."

"बकेटीवरून पडसान. हाडं जुनी झाली आता."

"तुही नवीन हायेत का?"

तो हसला. मायवाणी हसते तो, आधी नाकातून. मग म्हणे, "वरच्या दोन-चार रांगा काढल्या विटाच्या, तर उभ्यानं दिसन तुमाले. बकेट नाही लागायची."

"भिंत तुही हाये. मले काहून विचारतं?"

जरा वेळानं लोखंडी सब्बल आणल्याचा आवाज आला, अन् भावसुनेचा, "अवो, हळू. पाखरू हाये वर." मी बकेटीवरून उतरलो नाही. कोणी म्हटलं म्हणून उतरणारा मी नाही. बुढी माह्या मागं येऊन उभी राह्यली, पिठाचे हात तसेच.

पहिली वीट निघाली तेव्हा फुलचुखी भुर्रकन उडाली. दुसरी निघेपर्यंत ती परत येऊन बसली होती.